पाळीच्या आधीचे दिवस: वावरात राबणाऱ्या बायांसाठी खाणं आणि व्यायाम कसा जमवायचा

पाळी यायच्या आठ-दहा दिवस आधी पोट डब्ब होते, छाती जड पडते, कंबर धरते, रात्री मधातच जाग येते आणि लेकरानं नुसतं पाणी मागितलं तरी अंगावर धावून जावंसं वाटते. मग पाळी सुरू झाली की दोन-तीन दिवसात हे सगळं ओसरते आणि आपणच विचार करत बसतो की आपण एवढं काऊन चिडलो. हे दर महिन्याला होत असेल तर पुढचं सगळं तुमच्यासाठी लिहून राहिली.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहते, घरी कापूस आणि तूर आहे, निंदण-वेचणीच्या दिवसात मी पण बायांसोबत वावरातच असते. हा त्रास मी बरीच वर्षं काढला. मोबाइलवर शोधलं तर जिम, बदामाचं दूध, महागाचे पावडरचे डबे असंच सगळं दिसते, जे आपल्याकडं ना मिळते ना परवडते. हळूहळू सिस्टरला विचारून, डॉक्टरला विचारून आणि स्वतःवर करून पाहून जे जमलं ते इथं क्रमानं मांडते. यातलं जवळजवळ सगळं घरच्या डब्यात, परसात नाहीतर गावच्या दवाखान्यात आहे.

१. हे होते कशानं, तेवढं समजून घ्या

पाळीचा पहिला दिवस धरून मोजलं तर साधारण मधल्या दिवसात बीज सुटते. त्यानंतर प्रोजेस्टेरॉन नावाचं हार्मोन वाढते, आणि पाळी जवळ आली की ते आणि इस्ट्रोजेन दोन्ही खाली येतात. ही चढउतार प्रत्येकच बाईला होते, पण काही जणींचा मेंदू तिला जास्त जाणवून घेतो, मेंदूतलं सेरोटोनिन नावाचं मन शांत ठेवणारं रसायन त्यानं हलते, म्हणून राग, रडू, गोड खायची हाव. याला डॉक्टर पीएमएस म्हणतात. ही नाटकं नाहीत आणि स्वभावही वाईट नाही, घरात कोणी तसं म्हणत असेल तर हे त्यांना वाचून दाखवा.

यातलीच एक कामाची गोष्ट: पीएमएस दाखवणारी रक्ताची कोणतीच तपासणी नाही. त्रास असलेल्या बाईचे हार्मोन रिपोर्टमध्ये बहुतेक नॉर्मलच येतात. म्हणून तालुक्याच्या लॅबमध्ये कोणी हार्मोनचं महागडं पॅकेज सांगितलं तर आधी विचारा की हे कशासाठी. कधीकधी दुसरा आजार नाही ना हे पाहायला थायरॉइड वगैरे तपासायला सांगतात, ते बरोबर आहे, पण ते डॉक्टरनं तपासून सांगितल्यावर करा.

२. काय काय जवळ ठेवायचं

- तारखेच्या चौकोनात लिहायला जागा असलेलं भिंतीवरचं कॅलेंडर, किराणा दुकानातून फुकट मिळते तेही चालते. पेन दोरीनं तिथंच बांधून ठेवा.
- सतरंजी किंवा चटई.
- मागं पट्टा असलेली चप्पल नाहीतर साधे कॅनव्हासचे बूट. सपाता घालून भरभर चालता येत नाही, पाय मुरगळतो.
- शेकायला गरम पाण्याची रबरी पिशवी. नसेल तर जाड सुती कपड्याची घडी तव्यावर गरम करून, आधी हाताला लावून पाहून.
- आधार कार्ड, जुने रिपोर्ट, सिकलसेलची (हा रक्ताचा एक आजार) तपासणी झाली असेल तर ते कार्ड.
- आशाताईचा नंबर.

पैशाची काळजी असेल तर सांगते, १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यात, म्हणजे उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय ते जिल्हा रुग्णालय, तपासणी आणि उपचार मोफत आहेत.

३. दोन महिने कॅलेंडरवर खुणा करा

बाकी काही नाही जमलं तरी हे करा, कारण यावरच पुढचं सगळं ठरते. पाळी सुरू झाली तो दिवस गोल करा. त्यानंतर रोज रात्री भांडी झाली की चौकोनात एक-एक अक्षर लिहा: चिडचिडीला चि, पोट फुगण्याला पो, छातीला छा, डोकेदुखीला डो, झोपेला झो, रडू आलं तर र. पुढं आकडा टाका, ० म्हणजे काहीच नाही, १ थोडं, २ बरंच, ३ म्हणजे काम सोडून बसावं लागलं. घरात कोणाला कळू द्यायचं नसेल तर नुसती अक्षरं कोणाच्या ध्यानात येत नाहीत.

एखादी ओळ अशी दिसेल: "चि२ पो३ झो२, जेवण ३ वाजता, चाय ५". जेवणाची वेळ आणि चहा लिहाच, कारण महिन्याच्या शेवटी पाहिलं की वाईट दिवस आणि उपाशी दिवस बरेचदा एकाच चौकोनात सापडतात.

दोन पाळ्या झाल्या की काय पाहायचं? खुणा पाळीच्या आधीच्या एक-दोन आठवड्यातच दाटल्या आहेत का, पाळी सुरू झाल्यावर काही दिवसात मिटल्या का, आणि पाळीनंतरचा निदान एक आठवडा मोकळा गेला का. तिन्हीला हो असेल तर बहुतेक हाच त्रास आहे. महिनाभर सारख्याच खुणा असतील तर मामला वेगळा आहे, रक्त कमी असेल, थायरॉइड असेल, मनाचा आजार असेल, घरातला जाच असेल, मग सरळ दहाव्या मुद्द्यावर जा.

इथं दोन ठिकाणी फसगत होते. एक म्हणजे महिनाभराचं एकदम आठवून लिहिणं, मागचं मन नेहमी वाईट तेवढंच सांगते, म्हणून त्याच रात्री लिहा. दुसरं आपल्या भागातलं: कपाशीवर फवारणी सुरू असते त्या दिवसात डोकं दुखणं, मळमळ, डोळ्यातून पाणी, अंग थरथरणं झालं तर ते पाळीवर ढकलू नका. ते औषधाचं विष असू शकते, २०१७ मध्ये यवतमाळात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-मजूर दगावले ते आपण सगळ्यांनी पाहिलं. कपडे बदला, साबणानं अंग धुवा आणि लगेच दवाखान्यात जा. फवारणीचे दिवस कॅलेंडरवर फ नं दाखवत जा.

४. हिमोग्लोबिन आणि सिकलसेल आधी तपासा

थकवा, चक्कर, धाप, चिडचिड हे अंगात रक्त कमी असल्यानंही होते आणि आपल्याकडं ते किती बायांना आहे ते कोणत्याही उपकेंद्राच्या सिस्टरला विचारा. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर रक्त कमी आहे असं धरतात. बोटाला टोचून पाच मिनिटात कळते.

त्यासोबत सिकलसेलची तपासणी करून घ्या. विदर्भात, खास करून गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूरकडं हा आजार घराण्यात चालत येतो आणि खूप जणींना लग्न होऊन लेकरं होईपर्यंत माहीतच नसते. सिकलसेलचा आजार असलेल्या बाईनं लोहाच्या गोळ्या मनानं सुरू करायच्या नाहीत, आणि व्यायामही दम लागेपर्यंत करायचा नाही, पाणी कमी पडू द्यायचं नाही. तिनं पुढचं सगळं डॉक्टरला दाखवूनच करावं.

रक्त कमी निघालं आणि लोहाच्या गोळ्या दिल्या तर त्या निंबूपाण्यासोबत घ्या किंवा वरून संत्र्याच्या चार फोडी खा, त्यानं लोह अंगी लागते. चहा, दूध आणि कॅल्शियमची गोळी यांच्यापासून निदान दोन तास दूर. शौच काळी होते, त्याला भिऊ नका. मळमळ झाली तर रात्री जेवल्यावर घ्या, पण बंद करू नका. आणि गुळानं रक्त वाढते म्हणून नुसता गूळ खात बसू नका, गुळात लोह असते पण कमी झालेलं रक्त भरून काढायला तेवढं पुरत नाही.

५. खाणं: आधी वेळ, मग पदार्थ

वावरात जाणाऱ्या बाईचा दिवस पहा. पहाटे पाचला उठली, कोरा चहा घेतला, सडा-सारवण, स्वयंपाक, सगळ्यांचे डबे, लेकरांची शाळा, नऊ-दहाला वावरात, आणि पहिला घास दुपारी एक-दोनला. मधात चहा दोनदा, कोणाकोणाचा खर्रा (तंबाखू-सुपारी). इतका वेळ पोट रिकामं असलं की कोणालाही हातपाय गळाल्यासारखे वाटते, पाळीच्या आधीच्या दिवसात तर ते दुप्पट लागते. म्हणून मी कोणतीही बाई विचारायला आली की पहिले हेच सांगते: घराबाहेर पाय टाकायच्या आधी अर्धी भाकर आणि चटणी, उभ्यानं का होईना, खा. रात्रीची भाकर दुधात नाहीतर ताकात कुस्करली तरी चालते. डब्याशिवाय एका फडक्यात मूठभर फुटाणे-शेंगदाणे बांधून न्या, अकराला आणि चारला खायला. एवढ्यानंच खूप जणींचा संध्याकाळचा राग खाली येतो.

दुसरं, ताट. आपल्याकडं बाई सगळ्यांच्या शेवटी जेवते आणि तेव्हा वरणाच्या गंजात वरचं पाणी राहिलेलं असते, घट्ट डाळ आधीच गेलेली. स्वयंपाक झाल्याबरोबर आपल्या वाटीचं वरण, आपली भाजी काढून झाकून ठेवा. सासूबाई काय म्हणतील असं वाटत असेल तर त्यांचंही ताट तसंच काढून ठेवा, म्हाताऱ्या माणसालाही डाळीची तेवढीच गरज असते.

आता पदार्थ.

*कॅल्शियम.* पाळीआधीच्या त्रासावर खाण्यातल्या ज्या गोष्टींचा चांगला अभ्यास झाला त्यात हे वरचं नाव. १९९८ मध्ये अमेरिकेत साडेचारशेवर बायांवरचा अभ्यास छापून आला, रोज १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम घेणाऱ्यांचा त्रास तिसऱ्या पाळीपर्यंत सुमारे ४८ टक्क्यांनी कमी झाला, आणि नुसती औषध नसलेली खोटी गोळी घेणाऱ्यांचा ३० टक्क्यांनी. म्हणजे फरक आहे, जादू नाही, आणि तो दिसायला तीन महिने लागतात. आपल्याकडच्या आयसीएमआरनं (देशाची वैद्यकीय संशोधन परिषद) मोठ्या बाईला रोज १००० मिलिग्रॅम सांगितलं आहे. २०० मिली दुधात साधारण २४० मिलिग्रॅम मिळते, पण घरचं दूध डेअरीला जाते आणि आपल्याला कोरा चहा उरतो, ही खरी अडचण. निदान एक पेला ताक आणि एक वाटी दही स्वतःसाठी ठेवा. बाकी शेवग्याचा पाला (झाड परसात असते, आपण फक्त शेंगा खातो आणि पाला बकरीला घालतो), हिवाळ्यात हरभऱ्याची भाजी, राजगिऱ्याची भाजी, न सोललेल्या तिळाची चटणी. शेवग्याचा कोवळा पाला निवडून, कांदा-लसणाच्या फोडणीत मूगडाळीसोबत परतला की भाकरीबरोबर मस्त लागतो, लेकरंही खातात. तिळात कॅल्शियम भरपूर पण सगळं अंगी लागत नाही, म्हणून तिळावरच भिस्त नको. गोळी घ्यायची झाली तर डॉक्टरला विचारून, आणि मुतखडा झालेला असेल तर ते आधी सांगा, आपल्याकडं उन्हाळ्यात खडे होणारे कमी नाहीत.

*डाळ, अंडी, चणे.* रोज एक तरी: घट्ट वरण, झुणका, पातोडी, भिजवलेले चणे, अंडं. भंडारा-गोंदियाकडं भातच जास्त असतो, तिथं भाताएवढीच डाळ आणि पालेभाजी ताटात यायला पाहिजे.

*भाकर.* ज्वारी रेशनच्या गव्हा-तांदळानं मागं पडली पण या दिवसात भाकरच चांगली, हळूहळू पचते आणि भूक धरून ठेवते. सोबत जवसाची चटणी आणि भरपूर पाणी, पोट साफ राहिलं की फुगणंही कमी होते.

*मीठ.* पोट फुगणं आणि पाय-हात सुजल्यासारखे वाटणं ज्यांना जास्त, त्यांनी शेवटच्या आठ दिवसात लोणचं, पापड, शेव-चिवडा, बाजाराच्या दिवशीचे आलुबोंडे कमी करावे. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ सांगते, म्हणजे सगळं मिळून एक छोटा चमचा. पण एप्रिल-मेच्या उन्हात घाम गाळत काम असेल तर मीठ एकदम तोडू नका, चक्कर येईल. तेव्हा निंबूपाणी, ताक चालू ठेवा.

*चहा.* एकदम सोडला तर डोकं ठणकते आणि मग बाई म्हणते की या सल्ल्यानंच डोकं दुखलं. पाच कपांवरून चार, मग तीन, असं आठवड्याला एक कप कमी करा. जेवणासोबत नको कारण चहा अन्नातलं लोह अडवतो, आणि चार वाजल्यानंतर नको कारण झोप जाते.

*खर्रा, तंबाखू, गुडाखू.* पोरी-बायाही खातात, आपल्याला माहीत आहे, आणि पाळीच्या आधी तलफ वाढते. त्यानं भूक मरते, झोप उडते आणि तोंडाचा कॅन्सर होतो. जमेल तसं नाही, हे सोडायचंच.

*उपवास.* गुरुवार, चतुर्थी, एकादशी त्या आठवड्यात आली तर साबुदाणा आणि चहावर दिवस काढू नका. राजगिऱ्याचा लाडू, शेंगदाण्याची आमटी, भगर, ताक, केळं, संत्रं खाऊन उपवास करा, देव काही म्हणत नाही.

*गोडाची हाव.* ती लागणारच, दाबून ठेवली तर रात्री उठून साखर खाल्ली जाते. शेंगदाणे-गुळाचा एक लाडू जेवणानंतर घ्या, नुसतं बिस्किट-चहा नको, त्यानं अर्ध्या तासात परत भूक लागते.

बी-६ जीवनसत्त्वाबद्दल बाया विचारतात. थोडा फायदा होतो असं दिसलं आहे पण मेडिकलवाल्याकडून गोळ्या आणून महिनोन्महिने खाऊ नका, जास्त मात्रेनं हातापायाला मुंग्या आणि बधिरपणा येतो. केळं, हरभरा, आलू यातून मिळते तेवढं बिनधास्त घ्या.

६. दिवसभर राबतो, मग व्यायाम कशाला?

हा प्रश्न सगळ्याच विचारतात आणि तो बरोबर आहे. निंदण, वेचणी, रोवणी ही मेहनत आहेच, पण त्यात बाई तासन्‌तास एकाच बाजूला वाकलेली असते, कंबर-मान आखडते, डोक्यावर ओझं असते, आणि मनाला विसावा नसतो. पाळीआधीच्या त्रासावर ज्याचा फायदा दिसतो ते वेगळं आहे: ओझं न घेता एका चालीनं भरभर चालणं, अंग उलट्या बाजूला ताणणं आणि सावकाश श्वास. यावरचे अभ्यास लहान-लहान आहेत पण बहुतेकांत दुखणं आणि मन दोन्हीला आराम दिसला.

म्हणून माझा हिशेब असा. वावरात दिवस गेला असेल तर वरून चालायला जाऊ नका, फक्त खालचे ताण पंधरा मिनिटं करा. काम नसलेल्या दिवसात, म्हणजे वेचणी संपल्यावर ते पेरणीपर्यंत, आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास चाला, त्यानं आठवड्याचे १५० मिनिटं होतात, मोठ्या माणसाला निदान तेवढं सांगितलेलं आहे. शिलाई मशीनवर, दुकानात, अंगणवाडीत बसून काम असेल तर बारा महिने चाला.

किती जोरानं? बोलता आलं पाहिजे पण गाणं म्हणता येऊ नये, एवढं.

कधी सुरू करायचं? पाळी संपल्याबरोबर, अंग हलकं असते तेव्हा. वाईट दिवसात नवीन काही सुरू केलं की ते टिकत नाही. पहिला आठवडा दहा मिनिटं, मग पंधरा, मग वीस. पाळीच्या आधीच्या आठवड्यात त्रास वाढला तर निम्मं करा पण पूर्ण सोडू नका. पाळी चालू असतानाही चाललं, ताणलं तर काही बिघडत नाही, उलट पोटदुखी कमी होते.

कुठं आणि कसं? उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत घरी परत, आपल्याकडं पारा ४५ च्या वर जातो. पावसाळ्यात सायंकाळी टॉर्च आणि बूट, साप-विंचू असतात. एकटीनं गावाबाहेर जाऊ नका, दोघी-तिघी जमवा, बचत गटातल्या बाया सगळ्यात सोप्या पडतात कारण घरचे "कुठं चालली" म्हणून अडवत नाहीत. बाहेर निघणंच जमत नसेल तर छपरीत जागच्या जागी गुडघे उचलत चालायचं, रेडिओवर नाहीतर मोबाइलवर भजन लावून.

ताण हे चार करा, जेवणानंतर लगेच नाही:

पहिला, मांजरासारखा. गुडघे आणि तळहात सतरंजीवर टेका, हात खांद्याच्या खाली. श्वास सोडत पाठ छताकडं गोल उचला, हनुवटी छातीकडं. मग श्वास घेत पोट हळू खाली सोडा, नजर समोर. दहा वेळा. निंदणानं आखडलेली कंबर इथंच मोकळी होताना कळते, चौथ्या-पाचव्या वेळेला मणक्यांच्या बाजूचे स्नायू ढिले पडतात, तोवर घाई करू नका.

दुसरा, शशांकासन. पाय मागं दुमडून टाचांवर बसा, पुढं वाकून कपाळ जमिनीला, हात पुढं सोडलेले. दहा-बारा श्वास. गुडघे दुखत असतील तर मांडी आणि पोटरीच्या मधात उशी घाला, कपाळाखाली दुसरी.

तिसरा, पाठीवर झोपून गुडघे मोडा, पाय जमिनीवर, श्वास घेत कंबर उचला, तीन श्वास थांबा, सोडा. आठ वेळा.

चौथा, भिंतीला पाय लावून पडून राहा पाच मिनिटं. दिवसभर उभं राहून सुजलेले पाय यानं उतरतात. त्यातच एक हात पोटावर ठेवून सावकाश श्वास, सोडायला घेण्यापेक्षा जास्त वेळ.

बीपी जास्त असेल, गरोदर असाल, मणक्याचं दुखणं असेल, नुकतं ऑपरेशन झालं असेल तर विचारून करा.

७. झोप आणि घरचं काम

झोप तुटली की बाकीचं सगळं बिघडते. रात्रीचं कामच अकरापर्यंत चालते हे खरं, पण त्या आठ दिवसात पहाटेचं एखादं काम आदल्या सायंकाळी उरकून किंवा नवऱ्यावर, मोठ्या पोरावर टाकून अर्धा तास झोप वाचवा. पाणी भरणं पुरुषालाही जमते. कॅलेंडरमुळं आता तुम्हाला आधीच तारीख माहीत असते, तर तेव्हाच सांगून ठेवा की "येत्या सोमवारपासून माझे जड दिवस आहेत, काही जास्तीचं काढू नका". भांडण झाल्यावर सांगितलं तर कोणी ऐकत नाही, आधी सांगितलं तर ऐकतात. पाहुणे, पापड-कुरडयांचं काम, मोठी खरेदी, देण्याघेण्याची बोलणी त्या तारखांवरून सरकवता आली तर सरकवा.

ज्या गावात पाळीत अजून बाहेर बसायची रीत आहे तिथल्या बायांनी आधीच फुटाणे, गूळ-शेंगदाणे, पाण्याची बाटली, चटई आणि चादर बांधून ठेवावी. त्या दिवसात घरून किती आणि कधी खायला येईल याचा भरवसा नसतो.

८. एका वेळी एकच बदल, आणि तीन महिने

सगळं एकदम सुरू केलं तर पंधरा दिवसात सुटते. पहिल्या महिन्यात फक्त सकाळची भाकर आणि चहा कमी. दुसऱ्यात ताण आणि चालणं. तिसऱ्यात दही-ताक-पाला पक्कं करणं आणि मीठ. आकडे लिहित राहा. तिनाचे दोन आणि दोनाचा एक झाला म्हणजे काम करून राहिलं, सगळं शून्य व्हायची वाट पाहू नका. तीन पाळ्या होऊनही काहीच हललं नाही तर दहावा मुद्दा पहा.

९. या गोष्टींपासून दूर राहा

बाजारात "बायांच्या सगळ्या तक्रारींवर" म्हणून विकणारे डबे आणि सिरप, ज्यावर आत काय आहे ते नीट लिहिलेलंही नसते. मैत्रिणीच्या डॉक्टरनं तिला दिलेल्या गोळ्या. लग्न-सणासाठी पाळी पुढं ढकलायची गोळी न विचारता घेणं, त्यानं चक्र बिघडते आणि तुमचं कॅलेंडरही.

आणि सगळ्यात मोठं: "लेकरं झाली ना, मग पिशवी काढून टाका, कटकट मिटते". बीडकडं ऊसतोड बायांच्या पिशव्या काढल्याच्या बातम्या २०१९ मध्ये सगळीकडं आल्या होत्या, पण असा सल्ला आपल्याकडंही दिला जातो. नुसती गर्भपिशवी काढली आणि अंडाशय राहिले तर हार्मोनची चढउतार चालूच राहते, रक्तस्राव थांबतो पण चिडचिड, फुगणं, छाती दुखणं राहू शकते. अंडाशयही काढले तर कमी वयातच पाळी गेल्याचे परिणाम, हाडं ठिसूळ होणं सुरू. कोणी असं सांगितलं तर सही करू नका, रिपोर्ट घेऊन जिल्हा रुग्णालयात किंवा सरकारी मेडिकल कॉलेजात दुसऱ्या डॉक्टरला दाखवा.

१०. दवाखान्यात कधी आणि कसं जायचं

महिनाभर त्रास राहतो, पाळीत दर तासाला कपडा किंवा पॅड बदलावा लागतो, दोन पाळ्यांच्या मधात रक्त जाते, छातीत गाठ लागते, दुखण्यानं काम सुटते, किंवा चाळिशीनंतर हे अचानक सुरू झालं, यातलं काहीही असेल तर थांबू नका.

काही बायांना त्या दिवसात मरणाचे विचार येतात, लेकराला मारावंसं वाटते, दोन-चार दिवस अंधार झाल्यासारखं होते आणि पाळी आली की निघून जाते. याला पीएमडीडी म्हणतात, हा पीएमएसपेक्षा मोठा आजार आहे आणि त्यावर औषध आहे. मेंदूतल्या सेरोटोनिनवर काम करणाऱ्या गोळ्या डॉक्टर देतात, काहींना त्या फक्त पाळीच्या आधीचे दोन आठवडेच घ्याव्या लागतात. टेली मानस या मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी फोन सेवेचा १४४१६ नंबर फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येते. त्या वेळी घरातल्या एका माणसाला जवळ बसवा आणि फवारणीचं औषध घरातून हलवायला सांगा.

जाताना कॅलेंडरची दोन्ही पानं फाडून न्या. दोन मिनिटात बाहेर काढणाऱ्या डॉक्टरलाही ती पानं पाहून थांबावं लागते. सकाळच्या ओपीडीला लवकर जा, लाइनीत गावचे पुरुष असतील आणि सगळ्यांपुढं बोलायची लाज वाटत असेल तर आत जायच्या आधी सिस्टरला हळूच सांगा किंवा आशाताईला सोबत न्या. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं, तांबीची माहिती, शेवटच्या पाळीची तारीख आणि सिकलसेलचं कार्ड पिशवीत टाका.

११. घरात वयात आलेली पोरगी असेल तर

तिलाही वेगळं कॅलेंडर द्या आणि तिच्या खुणा तिलाच करू द्या. आईजवळ बोलत नसेल तर ग्रामीण रुग्णालयात पोरापोरींसाठी मैत्री क्लिनिक असते, तिथं समुपदेशक ताई एकटीशी बोलतात. शाळेत आठवड्याला निळी लोहाची गोळी मिळते, खूप पोरी ती फेकतात कारण एकदा उपाशीपोटी घेऊन मळमळलेलं असते. डबा नाहीतर शाळेतलं जेवण झाल्यावरच घ्यायची असं तिला सांगा, आणि परीक्षेच्या दिवसात सकाळी चहा-बिस्किटावर पाठवू नका.